कोकणात युद्धापूर्वीची, न सजवलेली जुनी मोटार घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजवाड्यातल्या रोल्स-रॉइसचा इथे संबंध नाही. कुणाच्या तरी आजोबांनी हौसेने किंवा धंद्यासाठी घेतलेली, पुढे पडवीत नाहीतर गोठ्याशेजारच्या मांगरात उभी राहिलेली, रंग उडालेली पण कुणी हात न लावलेली गाडी ज्यांना पगारदार माणसाच्या पैशात घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न आहेत.

युद्धापूर्वीची म्हणजे कुठल्या सालापर्यंतची?

दुसरं महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झालं आणि विलायतेतले कारखाने लवकरच लष्करी मालाकडे वळले. अमेरिकेत खासगी मोटारी फेब्रुवारी १९४२ पर्यंत बनत होत्या. काटेकोर माणसं १९१९ ते १९३० एवढ्यालाच विंटेज म्हणतात आणि १९३१ पासून पुढच्या गाड्यांना पोस्ट-विंटेज. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीलाही विंटेज म्हणतात. पद्मिनीवर माझा राग नाही, पण तिचा विषय वेगळा.

आरसी बुकातलं साल हे कित्येकदा नोंदणीचं असतं, बनावटीचं नव्हे. शिवाय काही मॉडेलं युद्धाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून आहेत. मॉरिस एटची ‘सीरिज ई’ १९३८ ते १९४८ चालली, फियाट ५०० टोपोलिनोचा पहिला अवतार १९३६ पासून १९४८ पर्यंत. विकणारा ‘एकोणीसशे अडतीसची’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला घरात तसंच सांगितलेलं असतं. चासीचा (म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) नंबर लिहून घ्या आणि त्या मॉडेलच्या क्लबच्या यादीशी ताडून बघा.

परवडणाऱ्यांत कुठल्या गाड्या बघाव्यात?

ज्या मुळात स्वस्त होत्या आणि ढिगाने बनल्या, त्या. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटीच्या वर बनली. मॉडेल ए १९२७ च्या अखेरीस आली आणि १९३१ पर्यंत चालली. या दोघींचं बहुतेक सगळं सामान अमेरिकेत आजही नव्याने बनतं. मॉडेल एचं इंजिन ३.३ लिटरचं, चाळीस अश्वशक्तीचं, आणि अगदी संथ स्वभावाचं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, त्यामुळे जुनी शेवरोलेही या भागात भेटते. १९२९ पासून तिला सहा सिलिंडरांचं इंजिन आलं.

विलायती छोट्यांत ऑस्टिन सेव्हन (१९२२ ते १९३९, ७४७ सीसी) आणि मॉरिस एट (१९३५ पासून, ९१८ सीसी). मला विचाराल तर पहिल्यांदाच घेणाऱ्याने मॉरिस एट बघावी. तिला हायड्रॉलिक ब्रेक आहेत, आणि घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ही गोष्ट गाडीच्या रूपापेक्षा मोठी वाटायला हवी. ऑस्टिन सेव्हन जास्त गोड दिसते, पण तिचे ब्रेक केबलचे. ते नीट जुळवले तर चालतात, फक्त ते जुळवणारा माणूस तुमचा तुम्हालाच व्हावं लागतं.

ज्या मेकचं नावही कधी ऐकलेलं नाही, ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. एका वॉटर पंपासाठी दोन वर्षं पत्रव्यवहार करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

कोकणात अशा गाड्या सापडतात कुठे?

जाहिरातीत क्वचित. सावंतवाडी, जंजिरा ही संस्थानांची गावं सगळे आधी धुंडाळतात आणि तिथलं चांगलं ते कधीच उचललं गेलं आहे. सापडते ती जुन्या डॉक्टरच्या, वकिलाच्या, आंब्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. एसटी जून १९४८ ला सुरू झाली, त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. त्या धंद्यात असलेल्या घरांकडेही चौकशी करावी. तिथे बहुधा तोडून मालवाहू केलेली चासी मिळते, पण सुट्या भागांसाठी तीही कामाची.

चौकशी गॅरेजवाल्यापेक्षा वायरमन, पोस्टमन आणि घरं शाकारणारे गडी यांच्याकडे करा. कुणाच्या मांगरात काय आहे ते त्यांना ठाऊक असतं.

आणि घाई करू नका. ‘तात्या, गाडी द्यायची आहे का?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘नाही’ असतं. दुसऱ्या खेपेला ‘बघू’. तिसऱ्या खेपेला ‘गणपतीत सगळे येतील तेव्हा बोलू.’ हे तिसरं उत्तर टाळाटाळीचं नाही. ते का, हे कागदांच्या प्रश्नात येईल.

रिस्टोर केलेली तयार गाडी का घेऊ नये?

पैसे असतील तर जरूर घ्या. पण स्वस्तात रिस्टोर केलेली गाडी हा सगळ्यात महागडा सौदा आहे. चकचकीत रंगाखाली किती लांबी (पुट्टी) भरली आहे, लाकडाच्या जागी लोखंडी अँगल वेल्ड केलेत का, सीटखाली जीपचा गिअरबॉक्स आहे का, हे बाहेरून कळत नाही. हात न लावलेल्या गाडीत वाईट ते समोर दिसतं.

दुसरं कारण असं की मूळ रंग, मूळ गादीचं कापड, कारखान्यातल्या रेघा, बोनेटवरची झिजलेली जागा हे एकदा खरवडलं की कुठल्याही पैशात परत येत नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यावर नायट्रोसेल्युलोज रंग आले. तो रंग शंभर वर्षांनी फिका पडला तरी त्याचा एक पोत असतो. दिव्यांवर निकेलचा मुलामा असेल तर तो किंचित पिवळट दिसतो. १९२६ च्या गाडीवर झगझगीत क्रोम चढवून आणणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार.

कागद नसले तर चालेल का?

नाही. उरलेलं उत्तर कागद अर्धवट असणाऱ्यांसाठी.

नेहमीची स्थिती अशी: आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा १९७१ ला गेले, त्यांना चार मुलगे आणि दोन मुली, त्यातले तिघे हयात नाहीत, नातवंडं दादर, डोंबिवली आणि एक दुबईत. गाडी ज्याच्या पडवीत आहे तो स्वतःला मालक समजतो आणि तुमच्याकडून पैसे घ्यायला तयारही असतो. पण वारसाहक्काने सहाही घरांचा तिच्यात वाटा आहे. आज कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही गाडी धुऊन, चालू करून फोटो टाकलात की डोंबिवलीच्या पुतण्याला आजोबांची आठवण येते.

म्हणून गणपतीचा मुहूर्त. चाकरमानी गावाला आलेले असतात, सगळे एका घरात असतात, आणि एकाच बैठकीत सगळ्यांच्या संमतीच्या सह्या स्टँप पेपरवर होऊ शकतात. ते साधलं नाही तर शिमगा. मालक मयत असेल तर वारसाच्या नावावर गाडी चढवण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, आणि नंतर वारसाकडून तुमच्याकडे येताना फॉर्म २९ आणि ३०. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकीच्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं ही सगळी जुळवाजुळव विकणाऱ्याने करायची, असं व्यवहार ठरतानाच बोलून घ्या. बयाणा थोडा द्या, बाकी रक्कम कागद हातात आल्यावर.

आरसी बुक वाळवीने खाल्लं असेल तर हरवल्याची पोलिसांत नोंद आणि फॉर्म २६ वर दुसरी प्रत. त्यासाठी मूळ नोंद ज्या कार्यालयात झाली तिथलं रजिस्टर शाबूत असावं लागतं. इतक्या जुन्या नोंदी संगणकावर नसतात, बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आरटीओत जाण्याआधी जुन्या टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद, गाडीसोबतचा एखादा तारखेचा फोटो, जे मिळेल ते गोळा करा. लोखंडी ट्रंका उघडायला लावा. लग्नाच्या फोटोत गाडीची नंबरप्लेट दिसणं हे नुसतं भावनिक नाही, पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

इंजिन नंबर आणि चासी नंबर पुस्तकाशी जुळतात का ते स्वतः बघा. फोर्ड मॉडेल ए आणि टी यांचा नंबर इंजिनच्या डाव्या अंगाला, पाणी आत जाण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. मॉडेल एच्या चासीवरही तोच नंबर असतो, पण तो बॉडीखाली लपलेला. म्हणजे कुणी पन्नास वर्षांपूर्वी इंजिन बदललं असेल तर पुस्तकातला आणि इंजिनावरचा नंबर वेगळा निघणार, आणि ते आधी कळलेलं बरं.

विंटेज म्हणून वेगळी नोंदणी असते म्हणतात, ती काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा ही अट आहे, म्हणजे न सजवलेल्या गाडीला हा नियम अनुकूलच. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणारीला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये.

मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च काढण्याचा बेत असेल तर तो इथेच संपतो.

गाडी बघायला जाताना काय काय तपासावं?

बहुतेक जण बोनेट उघडून इंजिनकडे बघत बसतात. कोकणात आधी लाकूड बघायचं.

त्या काळातल्या बहुसंख्य बॉड्या म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. मॉरिस एटमध्ये लाकूड आहे, १९३० च्या सुमाराच्या शेवरोलेत तर भरपूर आहे. फोर्ड मॉडेल एच्या नेहमीच्या बंद बॉडीत पत्रा जास्त, लाकूड मुख्यतः छपरात. आपल्या हवेत वाळवी आणि भुंगेरे त्या सांगाड्यावर दोन पिढ्या जेवलेले असतात आणि बाहेरचा पत्रा मात्र शहाण्यासारखा उभा असतो. दार थोडं उघडा, टोकाला धरून वर उचलून बघा. बिजागरी हलली तर ती घट्ट करता येते, पण बिजागरीसकट खांबच हलत असेल तर खांबाचा बुंधा गेला. मग मागची सीट काढा, चाकाच्या कमानीच्या आत हात घाला, छपराच्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. आवाज बद्द आला किंवा भुसा गळला की समजायचं. चाकांचे आरे लाकडी असतील तर एकेक आरा हाताने हलवून बघा. सैल आऱ्याच्या चाकावर गाडी ढकलूसुद्धा नका.

एवढं असूनही कुजलेलं लाकूड दिसलं म्हणून सौदा मोडू नका, भाव मोडा. कारण लाकडाच्या कामात कोकण श्रीमंत आहे. जो मिस्त्री होडीच्या फासळ्या घडवतो, त्याच्यापुढे मोटारीच्या दाराची चौकट हे किरकोळ काम. जुना तुकडा कितीही कुजका असला तरी नमुना म्हणून जपून काढा, फेकू नका. नव्या लाकडाला, जे बाहेरून दिसणार नाही अशा जागी, काजूच्या टरफलाचं तेल लावून घेता येतं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. ते कातडीवर उततं, तेव्हा लावायचं काम सवयीच्या माणसाकडे द्या.

नंतर लोखंड. अमेरिकन गाड्यांची चासी जाड असते, वरवरचा गंज तिला काही करत नाही. रिव्हेट मारलेले सांधे आणि मागची आडवी पट्टी बघा, तिथे लाल माती साठून ओल धरते. ऑस्टिन सेव्हनची चासी ‘ए’ आकाराची आणि हलकी, तिला बारकाईने बघावं लागतं. खाडीकाठच्या घरातली आणि सड्यावरच्या घरातली गाडी यांत फरक असतो. समुद्र दिसतो अशा पडवीत उभी असलेली गाडी वरून कोरडी दिसली तरी खारी हवा बंद जागांत शिरलेली असते: दारांच्या आत, दिव्यांच्या वाट्यांत, डॅशबोर्डच्या मागे.

तिसरी गोष्ट, काय काय नाही ते. मडगार्ड चेपलं असेल तर ठोकून निघतं. हेडलाइट, रेडिएटरची टोपी, मीटर, मॅग्नेटो, कार्बोरेटर, काच वरखाली करायची हँडलं हरवली असतील तर ती एकेक शोधण्यात वर्षं आणि पैसा जातो. मोडकी पण पूर्ण गाडी ही चालू पण अपुऱ्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. मांगराच्या माळ्यावर, पाटांच्या आणि जुन्या पाळण्याच्या मागे, एक गोणपाट असतंच. त्यात काय आहे ते विचारा.

इंजिन शेवटी बघा. ते जागेवर आहे ना एवढं आधी. पाणी काढायला म्हणून आगरात नेलेलं इंजिन परत आलेलंच नसतं.

इंजिन जाम आहे. सोडून द्यावी का?

जाम असणं हा भाव पाडायचा मुद्दा आहे, घाबरायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात डिझेल आणि पातळ तेल ओता, आठवडाभराने पुन्हा ओता, महिनाभर वाट बघा, आणि मग इंजिन हाताने फिरवायचं हँडल हलकेच दोन्हीकडे डुलवा. दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढून ‘सुटते का बघू’ म्हणणाऱ्या उत्साही मेव्हण्याला लांब ठेवा. त्यात पिस्टन, रॉड किंवा गिअरचे दाते जातात.

बेअरिंगं त्या काळी व्हाइट मेटल (मऊ पांढरट धातू) ओतून करायचे. ती गेली असतील तर पुन्हा ओतून घ्यावी लागतात आणि हे काम जाणणारे आता मोजके, तेव्हा त्यासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठायची तयारी ठेवा. ब्लॉकला तडा आहे का ते उजेडात बघा. खाऱ्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलं असेल तर पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या निघतात.

इंजिन सुटलं की लगेच चालू करू नका. तेलाचा संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) खाली काढा आणि तळाचा काळा गाळ साफ करा. या इंजिनांना बहुधा जाळीपलीकडे फिल्टर नसतो. आजचं तेल तो गाळ सोडवतं आणि नेमका बेअरिंगात नेऊन घालतं. विजेच्या वायरींवरचं रबर हात लावताच चुरतं, त्यामुळे बॅटरी जोडण्याआधी वायरिंग तपासा आणि एक फ्यूज घाला. बऱ्याच गाड्यांना कारखान्यातून एकही फ्यूज नव्हता. बॅटरी सहा व्होल्टची, आणि काहींत पॉझिटिव्ह टोक बॉडीला. बारा व्होल्टची जोडून दिवे उडवू नका.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका, स्पार्क मागे घ्या (म्हणजे ठिणगी उशिरा पडेल) आणि खालून वर ओढा. उलटा झटका बसला तर मनगट मोडतं.

सामान आणि मिस्त्री कुठून आणायचे?

फोर्डसाठी अमेरिका, ऑस्टिन आणि मॉरिससाठी विलायतेतले क्लब. मागवण्याआधी कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. टायर जुन्या मापाचे लागतात, मॉडेल एला १९ किंवा २१ इंची, आणि चार-पाच टायरांचा खर्च पाहून पुष्कळांचा उत्साह ओसरतो. तो आकडा भाव ठरवण्याआधी माहीत हवा.

मिस्त्री तरुण असला तरी चालेल, हात सावकाश हवा. डिझेल होड्यांची इंजिनं उघडणारे बंदरावरचे मिस्त्री या कामात चांगले निघतात, कारण नवीन पार्ट मागवण्याऐवजी जुना दुरुस्त करायची त्यांना सवय आहे.

गिअरबॉक्समध्ये आजचं जीएल-५ तेल घालू नका, त्यातली रसायनं पितळी-ब्राँझ भागांना खातात. मॉडेल एला साधं १४० ग्रेडचं घाला.

एकूण बजेट कसं धरावं?

जेवढ्याला गाडी घेतली तेवढेच पैसे बाजूला असावेत. त्यातले पहिले ब्रेक, टायर आणि वायरिंगला. रंगाला शून्य. विम्यात थर्ड पार्टी तर हवाच. शिवाय विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वीच्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट होती, ती मिळते का विचारा. एजंटाला हे ठाऊक नसतं, तुम्ही सांगायचं.

पंपावरचं पेट्रोल चालतं का?

या इंजिनांचं काँप्रेशन फार कमी, मॉडेल एचं ४.२ च्या आसपास, म्हणून ऑक्टेनची काळजी नको. काळजी इथेनॉलची. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगवतं, आणि बुचाच्या फ्लोटवरचं शेलॅक विरघळवतं. पाइप नव्या पद्धतीचे घाला, बुचाचा फ्लोट बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

घाट चढेल का?

चढेल, सावकाश. मॉडेल टीमध्ये पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनात येतं, टाकी सीटखाली. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ उभा असेल तर ते पोचत नाही, म्हणून पूर्वी लोक उभे चढ रिव्हर्समध्ये चढत. कुंभार्लीला हे करून बघू नका, मागून येणारा ट्रकवाला इतिहासप्रेमी असेलच असं नाही.

खरा प्रश्न उतरण्याचा. आंबा घाट उतरताना वरच गिअर खाली घ्या आणि इंजिनच्या जोरावर उतरा. गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश ज्या गाडीला नाही, तिचा गिअर उतारात मधेच पाडायला गेलात तर तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये धावू लागते. डबल क्लच (एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबणं) आधी सपाट रस्त्यावर शिका.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी?

चाकं जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर. जमीन मातीची असेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, पण गाडीवर प्लॅस्टिक कधीच नाही, आत घाम धरतो. वर जुनी सुती चादर पुरे. काचा चार बोटं खाली, दारं अर्धवट लोटलेली, वारा खेळता हवा. प्लगच्या भोकांतून थोडं तेल, आणि दर पंधरा दिवसांनी हँडलने इंजिन फिरवणं. क्लच चिकटून बसू नये म्हणून तो दाबून ठोकळा लावून ठेवतात. वाळवीची ओळ भिंतीवरून उतरते का ते बघत राहा. गाडी भिंतीला टेकून ठेवूच नका.

मूळ रंगावर आधी आडबाजूला बोटभर जागेत मेण लावून बघा. पॉलिश पेस्टने घासू नका.

गुहागरच्या किंवा काशीदच्या पुळणीवर गाडी नेऊन फोटो काढावा का?

नाही.

मांगरातून गाडी बाहेर काढून घरी कशी आणायची?

बहुतेक ठिकाणी गाडी आत गेल्यावर गडगा बांधलेला असतो. चिरे काढून परत रचून देण्याचं आधी कबूल करा आणि खरंच रचून द्या. त्याच घरात नंतर कार्बोरेटर सापडतो. चाकं फिरत नसतील तर खाली ओंडके घालून सरकवा, बंपरला दोर बांधू नका, दोर चासीला किंवा अॅक्सलला.

पुढे सपाट कॅरिअरवर. छोट्या टेम्पोत लांबी मावली तरी वजन मागे लोंबतं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीने वळसा वाचतो, पण आधी धक्क्यावर जाऊन कॅरिअरची लांबी बोटीवर चालते का ते विचारा आणि भरतीची वेळ बघून जा. ओहोटीत रॅम्पचा उतार तीव्र होतो आणि लांब कॅरिअरचं पोट घासतं. आणि निघण्यापूर्वी बोनेटच्या कड्या तारेने बांधा. वाटेत पडलेलं बोनेट परत मिळालं तरी त्याचा मूळ रंग मिळत नाही.